तीन चिमटे

दुर्बिणीची नळी घालायला तोंडात प्लास्टिकची कडी बसेपर्यंत दादाची बडबड काही थांबली नाही. "बाहेरची गिऱ्हाइकं संपली वाटतं, म्हणून घरचं धरून आणलंस!"

डॉक्टर असलेली धाकटी बहीण हसली नाही. बाबांचा जठराचा कॅन्सर फार उशिरा कळला होता. दादाचं पोट हल्ली सारखं दुखायचं, आणि या खेपेला तिला उशीर होऊ द्यायचा नव्हता. घरच्या माणसाची दुर्बिणीची तपासणी दुसऱ्या डॉक्टरने करायची, हा तिथला नियम तिने धाब्यावर बसवला. दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा ठेवायला तिचं मन तयारच नव्हतं.

पांढऱ्या उजेडात जठर गुळगुळीत दिसलं. तिने बटण दाबून निळा उजेड लावला. बारीक रक्तवाहिन्या उठून दिसू लागल्या आणि पडद्यावर एका जागी यंत्राने हिरवी चौकट आखली. चौकट म्हणजे कॅन्सरचा संशय. तपासणीसाठी तिने तिथले तीन तुकडे चिमट्याने तोडले, नेहमीसारखे त्रिकोणात. तिची ही पद्धत सगळ्या विभागाला ठाऊक होती. दर चिमट्याला तिच्याच पोटात चुणचुणलं.

"सकाळपासून उपाशी आहात, मॅडम," नर्स म्हणाली.

तातडीने मागवलेला रिपोर्ट निर्दोष आला, पण तिच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी तिने दादाला पुन्हा टेबलावर आडवं केलं. निळ्या उजेडात चौकट त्याच जागी उमटली. चिमट्याच्या जखमा मात्र कुठेच नव्हत्या.

"भरून आल्या असतील," नर्स म्हणाली.

"मागमूसही न ठेवता?"

तिने पुन्हा तीन चिमटे घेतले. या वेळी कळ अशी आली, की तिला टेबलाची कड धरावी लागली.

हाही रिपोर्ट निर्दोष. दादा तर हवेतच. "आता तरी पाठ सोड माझी, बये!"

तिच्या पोटातली आग काही केल्या थांबेना. शेवटी सोबतच्या डॉक्टर मैत्रिणीला तिने गळ घातली आणि त्याच टेबलावर स्वतः कुशीवर झोपली. औषधाने घसा बधिर झाला होता. तोंडात कडी, समोर पडदा. सोबतीला आलेला दादा दाराबाहेर बसला होता.

पांढरा उजेड. मग निळा.

मैत्रिणीचा हात थबकला. "काय गं, आधी कुणाकडून तुकडे काढून घेतलेस? सांगायचंस तरी."

पडद्यावर तीन जखमा होत्या. त्रिकोणात, भरत आलेल्या. शेजारी तीन ताज्या.

"हात अगदी तुझ्यासारखा आहे."

चौकट उमटली नाही.

"निर्धास्त राहा. ठणठणीत आहेस तू."

म्हणजे दोन्ही वेळा तुकडे तिच्याच जठरातले निघाले होते; दादाचं अजून काहीच तपासलं गेलं नव्हतं. ती ओरडायला गेली, पण कडीतून नुसती लाळ आली.

"शांत, शांत. झालंच आता."

दाराबाहेर दादा कुणाला तरी हसत सांगत होता, "दोन्ही रिपोर्ट एकदम चोख! उगाच घाबरवलं हो आमच्या बहिणीने."