वजा एक

पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाही. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. ऑस्ट्रेलियात, होबार्टच्या डोंगरावर, फर्न ट्री गावात, गेल्या जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात. त्या दिवसांत तिथे पाचलाच अंधार पडतो आणि दारातलं गवत दहिवराने कडक होतं.

माझा मेव्हणा रोरी प्रोग्रॅमर. महाआळशी. सोफ्यावरून उठायला लागू नये म्हणून हा गडी महिनाभर राबला! खोल्याखोल्यांत अंगाची ऊब ओळखणाऱ्या डब्या बसवल्या. त्या माणसं मोजायच्या. तो, माझी बहीण टॅम्सिन आणि सहा वर्षांची पिप, असे तिघं आत आले की दाराची कडी आपोआप लागायची. मग घर बोलायचं, "सगळे घरी आहेत."

टॅम्सिनला ते बोलणारं घर कधीच आवडलं नाही.

एका संध्याकाळी तिघं भोपळ्याचं सूप पीत बसले होते. भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडा होता... चार.

स्वयंपाकघरात तीन. बोळात एक.

बोळ रिकामा होता.

"रोरी, तिथे कोण आहे?"

"कोणी नाही गं. बग आहे. हीटरची गरम हवा."

त्याने हीटर बंद केला. घर गारठलं. बोळातला एक तसाच.

मग तो एक हलला... वर, पिपच्या खोलीत गेला.

"काढून टाक हे सगळं. आत्ताच्या आत्ता."

"तू ना, टोस्टरलाही घाबरशील."

"टोस्टर माझी माणसं मोजत नाही!"

रोरीला कारण सापडलं नाही. पण चार दिसले की घराला वाटायचं पाहुणा आलाय, आणि कडी लागायचीच नाही. म्हणजे साहेबांना उठावं लागणार. मग त्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. येईल त्या आकड्यातून एक वजा.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

वर आपल्या ब्लॉगवर त्याची शेखीही मिरवली. यंत्रं आणि घरसंसार यांवर तो तिथे दर आठवड्याला काहीबाही खरडतो. "कारण सापडत नसेल तर उत्तर दुरुस्त करावं. चौथ्याला भांडी घासायला लावणार आहे." वाचणारे खूप हसले.

पुढच्या शनिवारी दिवस कलताना पिप गुपचूप मागच्या अंगणात गेली. तिथे येणाऱ्या वॉलबीला, म्हणजे छोट्या कांगारूला, गाजराची सालं टाकायला. अनवाणी. रोरी लॅपटॉपमध्ये, टॅम्सिन चुलीपाशी. तिला जाताना कुणी पाहिलं नाही.

खट्.

"सगळे घरी आहेत."

वरच्या खोलीत पावलं वाजली... हलकी, अनवाणी.

"पिप वर आहे ना रे?"

"घर सांगतंय ना. आणि पावलं ऐकू येत नाहीत तुला?"

टॅम्सिनने भांड्यांचं मशीन लावलं. त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येईना. मशीन थांबल्यावर तिने हाक मारली, "पिप, जेवायला!"

पावलं थांबली.

उत्तर आलं नाही.

ती वर गेली. दिवा चालू होता. पलंग रिकामा. तिने खिडकीतून खाली पाहिलं...

पांढऱ्या गवतात पिप उभी होती. दार वाजवणं तिने सोडून दिलं होतं. ती नुसती वर, खिडकीकडे बघत होती.

टॅम्सिनची किंकाळी ऐकून रोरी धावला. त्याने मागच्या दाराचं आतलं बटण दाबलं. कडी सरकली... आणि परत लागली.

पुन्हा दाबलं. पुन्हा लागली.

शेवटी त्याने लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीने दाराची काच फोडली आणि पोरीला उचलून, आत न घेता तसाच गाडीकडे पळाला. टॅम्सिन मागोमाग. तिघं थेट माझ्याकडे आले. पिपचे ओठ निळे पडले होते. शेकोटीपाशी, ब्लँकेटात गुंडाळल्यावर कुठे ती बोलली.

"मी खूप वाजवलं, मामा. त्यांनी बघितलं. पण उघडलं नाही."

"कुणी, बाळा?"

"माझ्या खिडकीतल्या दोघांनी."

हिशोब रोरीच्या लक्षात आधीच आला होता. एक वजा करून तीन... म्हणजे आत चार होते. आणि त्यांतली माणसं दोनच.

"माझं पोर बाहेर गोठत होतं," टॅम्सिन म्हणाली, "आणि तुझं घर मात्र भरलेलं होतं."

ते घर आता रिकामं आहे, तिघं माझ्याकडेच राहतात. दुसऱ्या दिवशी भर उन्हात जाऊन टॅम्सिनने स्वतःच्या हाताने वीज तोडली, डब्या उपटून काढल्या. तरी अंधार पडला की रोरीच्या फोनवर निरोप येतो...

सगळे घरी आहेत.

ती ओळ अजून प्रोग्रॅममध्ये आहे. मीच एकदा वैतागून म्हणालो, "ते वजा एक काढून टाक ना. खरा आकडा तरी कळेल."

त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "तू काढ, ह्यू."

मी हात लावला नाही. मला भीती वाटते, लपवत नाही. पिप समोर बसून सूप पीत होती. मी फोन पालथा घातला, उठलो, आणि आपलं कुणी बाहेर अडकायला नको म्हणून आमच्या दाराची कडी उघडी ठेवली.