उजव्या पायाची वहाण

सकाळपासून सांडशी सापडत नव्हती, आणि ती कुठं असणार हे गोजाबाईला पक्कं ठाऊक होतं.

कासारवाडीला रुळांच्या कडेला तिचं घर. अंगणात ज्योतीरामनं देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणलेली मोटार तोंड उघडून उभी होती. तिच्या सांडशीनं पोरगा इंजिनाच्या स्प्रिंगा दाबत होता. पितळी पळीचा दांडा तर त्यानं ठोकून आधीच चपटा केला होता.

"मुडद्या, आमटी काय आता तुज्या पान्यानं वाढू?"

"आई, पुण्यास्नं हत्यारं यायची म्हंजे महिना गेला. मला सोमवारी चाकणची खेप धरायचीय."

"धर की. माजी चूल मोडून धर!"

दुपारी त्यानं फुंकणीही नेली. लोखंडी नळीचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि ठोका कुठून येतो ते ऐकत बसला. गोजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या फुंकणीवर तिचं गावात नाव होतं. विझत्या चुलीत तिनं एक फुंकर घातली की जाळ उठायचा. दुसरी कधी लागली नाही.

"घावलं," ज्योतीराम म्हणाला. "एक बेरिंग झिजलंय. जुनं कमावलेलं चामडं बसवलं की दोन-चार खेपा निघतील."

चामडं कुठलं, ते तिसऱ्या प्रहरी कळलं. सून शालन सारवणाच्या हातानंच दारात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, माळ्यावरची मामंजींची वहाण कापली त्यांनी. उजवी."

गोजाबाई फुंकणीसारखीच ताठ झाली.

नऊ वर्षांपूर्वी भर भांडणात ती नवऱ्याला, आबाजीला, बोलून गेली होती, "पुन्हा ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंत, तर माजं मेलेलं तोंड बघाल!" त्याच्या वहाणाही तिनंच अंगणात भिरकावल्या. तो त्या उचलायलाही वाकला नाही. अनवाणीच, उजवा पाय फरफटत, रुळांच्या खडीवरनं चिंचवडच्या अंगाला चालत गेला. त्यानं शपथ पाळली. हिनं ती सोडवली नाही. वहाणा मात्र उचलून आणल्या, आणि दर दिवाळीला तेल पाजलं.

ती अंगणात गेली. "कुणाला इचारून कापलीस?"

"बा काय परत येनार हाय का, आई?" ज्योतीराम वर न बघता म्हणाला आणि त्यानं हँडल मारलं.

इंजिन सुरू झालं. ठोका गेला नव्हता. बदलला होता.

ठक. खर्रर. ठक. खर्रर.

ज्योतीरामनं फुंकणी कानाला लावली. त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे इंजिनातलं न्हाई वाटत. लांबनं येतंय."

"आण हिकडं!" तिनं नळी हिसकावली.

खडी वाजत होती. एक पाय पडत होता, दुसरा ओढला जात होता.

"बंद कर ती."

त्यानं मोटार बंद केली. शेजारच्या कडुनिंबावरचा कावळाही गप्प झाला.

नळीतलं चालणं थांबलं नाही.

"ज्योतीराम, बंद कर म्हनलं ना!"

"केलीय, आई."

खडी संपली. माती लागली. अंगणाची. पावलं तिच्या पाठीमागून गेली, घराकडं.

उंबऱ्याशी थांबली.

'शपथ सुटली', एवढे दोनच शब्द बोलायचे होते. नऊ वर्षं तिनं ते दाताखाली धरले होते. आता जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. पण थांबणारा थांबला होता तो तिची वाट बघत, हे तिला कळलं, आणि तेच तिला सोसलं नाही.

"मी न्हाई आदी बोलायची!" ती कडाडली.

खर्रर.

नळी मुकी झाली.

ती ताडताड घराकडं गेली. दारातलं सारवण अजून ओलं होतं. उंबऱ्याच्या आत एकच पाऊल उमटलं होतं. उजवं, टाचेकडं फरफटलेलं.

"आत्याबाई," शालन भिंतीला चिकटून म्हणाली, "आत कोन आलं?"

"कोन येतंय! च्याचं आदन ठिव."

चूल विझत आली होती. गोजाबाईनं बैठक मारली, फुंकणी ओठांना लावली आणि होता नव्हता तेवढा राग गोळा करून फुंकर घातली.

राख हलली नाही.