घंटा वाजत नाही तेव्हा

लहान विमानांत वैमानिक बसायचा बंद होऊन बारा वर्षं झाली होती, आणि इशारे वाजायचे बंद होऊन सात. पूर्वी यंत्र बारीकसारीक कुरबुरीलाही ओरडे. प्रवासी घाबरून हातानं विमान चालवायचा दांडा ओढत आणि वाचू शकणारं विमान पाडत. म्हणून डॉ. तृप्ती वायंगणकरांनी विवेकघंटा बसवली. माणसाच्या हातून काही होण्यासारखं असेल तरच ती वाजे, नसेल तर गप्प राही. लोक तेवढंच शिकले : घंटा नाही म्हणजे सगळं खुशाल.

तळोद्याच्या धावपट्टीवरच्या खोलीत अनुराधा पाठारे नवऱ्याची वाट पाहत होती. श्रीनिवास गुरांचा डॉक्टर. सातपुड्यातल्या पाड्यांवर लस टोचून एकटाच परत येत होता. यंत्रांच्या तपासणीला आलेल्या तृप्तीताई पडद्याकडे बघता बघता थबकल्या. अनुराधानं विचारल्यावर त्यांना खोटं सांगवेना.

विमानाच्या शेपटीचं पातं बिजागरीत अडकत चाललं होतं. त्यामुळे नाक खाली झुकू पाहत होतं, आणि यंत्र उलटा जोर लावून ते सावरत होतं. आत बसलेल्याला म्हणूनच काही जाणवत नव्हतं. पण त्या जोरालाही मर्यादा होती. वीस मिनिटांत ती संपणार होती, आणि तळोदं चाळीस मिनिटं लांब होतं.

"मग घंटा का वाजत नाही?"

"त्यांच्या हातात काही नाही, अनुराधाताई. खाली उतरवायला गेले तर जोर आधीच संपेल. यंत्रानं सगळे मार्ग तपासलेत."

"म्हणजे ती गप्प असते तेव्हा एकतर सगळं ठीक असतं, नाहीतर काहीच उरलेलं नसतं?"

तृप्तीताईंनी होकारार्थी मान हलवली. हे त्यांना घंटा बनवतानाच ठाऊक होतं. शेवटची मिनिटं तरी शांत जावीत, यालाच त्या दया समजल्या होत्या.

खोलीतून श्रीनिवासशी शेवटपर्यंत बोलता येणार होतं. सांगायचं की नाही, ते त्यांनी अनुराधावर सोडलं. तिनं ठरवलं, नाही सांगायचं.

श्रीनिवास मजेत होता. एका म्हशीनं नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर लाथ मारली होती, आणि पाड्यावरच्या म्हातारीनं त्याला गुरांचंच मलम चोळून दिलं होतं. अनुराधा हसलीसुद्धा. मग तो म्हणाला, आजचा श्रावणी सोमवार फार जड जातोय; डबा मांडीवर आहे, पण दिवेलागणीआधी तू काही हात लावू देणार नाहीस.

बाहेर ढग फाटून लख्ख ऊन पडलं होतं.

"सोडा उपास," ती म्हणाली. "मी नैवेद्य दाखवलाय."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. तो हसायला लागला आणि मधेच थांबला. पलीकडून यंत्राची संथ घरघर तेवढी ऐकू येत होती.

"अनू, अजून ऊन आहे."

"असू दे."

मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"तूही दोन घास खाऊन घे," तो म्हणाला. "माझ्यासाठी थांबू नकोस."