चंद्रप्रभा, पार्किंग नंबर बावीस

दिल्लीतल्या द्वारकेत समुद्र नाही. दिल्लीबद्दल अश्लेषाला पुण्याहून निघताना फारसं काही माहीत नव्हतं, पण एवढं नक्की माहीत होतं. त्यामुळे जानेवारीतल्या एका संध्याकाळी, मोबाइल डोक्यावर धरून सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेटवर्क शोधताना धुक्यातून एकदम एक होडी तिच्या पुढ्यात आली, तेव्हा ती दचकली नाही. तिला वाटलं, प्रदूषण आता डोक्यापर्यंत पोचलं.

होडी दोन गाड्यांच्या मधे, पिवळ्या रेघांच्या आत, शहाण्यासारखी उभी होती. पुढच्या काचेवर सोसायटीचं पार्किंग स्टिकरसुद्धा होतं.

"नेटवर्क पाहिजे?" केबिनमधून एका मुलाने डोकं बाहेर काढलं. त्याच्या केसांवर धुक्याचे बारीक थेंब होते. "वर या ना. शिडी थोडी हिलते... म्हणजे... हलते."

"ही होडी आहे," अश्लेषा म्हणाली.

"हां जी," तो म्हणाला. "बिल्कुल."

तिला संपूर्ण दिल्लीत इतकं सरळ उत्तर अजून कोणी दिलं नव्हतं. ती शिडी चढली.

मुलाचं नाव शार्दूल. होडी त्याच्या मुरलीधरकाकांची. काका उभी हयात जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावात ही होडी घेतली आणि गाडी विकून तिला जागा करून दिली. सोसायटीचा नियम होता, एका फ्लॅटला एक वाहन. वाहन रस्त्यावरूनच चाललं पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. होडीला त्यांनी बायकोचं नाव दिलं... चंद्रप्रभा. काकू तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या, ठणठणीत होत्या, आणि या सन्मानापासून काकांशी फक्त भाजीपुरतं बोलत होत्या.

सोसायटीने किरणांच्या भीतीने गच्चीवरचा मोबाइल टॉवर काढायला लावला होता. आता सगळे निरोगी होते आणि कोणाचाच फोन लागत नव्हता. त्यात रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबलही तोडली. उरली फक्त होडीच्या डोलकाठीवरची अँटेना.

"अँटेना एकच," माकडटोपीतल्या काकांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "तिची वायर या डबीत येते. डबीतून एक वायर रेडिओला, एक तुझ्या मोबाइलला. ऐकायचं असेल तोवर दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. पण रेडिओवर बोलायला हे बटण दाबलंस, की डबी मोबाइलला तोडून टाकते. आधी बुडणारा माणूस, मग मोबाइल. समुद्राचा नियम आहे."

"काका, पण इथे कोण बुडणार?"

"जुलैत अंडरपासला जाऊन बघ."

मग अश्लेषा रोज संध्याकाळी होडीत येऊ लागली. आईला फोन करायला. निदान सुरुवातीला तरी.

शार्दूल समोर बसून वायरींचे जोड तपासायचा. जोड उत्तम होते. तो तरीही तपासायचा. मधेच तीळगुळाच्या गजकचा एक तुकडा न बोलता तिच्याकडे सरकवायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा, जणू गजक स्वतःच चालत गेली. बोलायला लागला की अडखळायचा. जन्म दिल्लीतला, मराठी घरापुरती. आणि घरात तरी कोण इतकं बोलतं.

फक्त रेडिओवर तो वेगळाच असायचा. सेटची चाचणी घ्यायला तो हातातला वॉकीटॉकी घेऊन गच्चीवर जायचा, आणि काकांच्या शिस्तीने सुरू व्हायचा. ज्याला हाक मारायची त्याचं नाव तीनदा, मग आपलं, शेवटी 'ओव्हर'. मधे कोणी बोलू शकत नाही म्हटल्यावर शार्दूलची वाचा मोकळी व्हायची.

"चंद्रप्रभा, चंद्रप्रभा, चंद्रप्रभा, मी शार्दूल. गच्चीवरून एअरपोर्ट दिसत नाही. अश्लेषा दिसत नाही. बाकी ठीक. ओव्हर."

उत्तर काका द्यायचे. अश्लेषा बटणाला हात लावायची नाही. त्याला हाक मारायची वेळ आली तरी ती "ए" म्हणून भागवायची. नाव घेतलं की प्रकरणाची नोंद होते, असं तिचं मत होतं.

"आईने स्थळ आणलंय," एकदा ती सहज म्हणाली. "पुण्याचं."

"स्थळ म्हणजे... जागा ना?"

"मुलगा."

"अच्छा."

शार्दूलने एक चांगला जोड उपटला आणि तोच पुन्हा लावला.

"यशोधन नाव आहे. बरा वाटतो. रविवारी फोन करणारे, हो की नाही ते सांगायचंय. हो म्हटलं तर मार्चमध्ये पुण्याला बदली घेईन."

"मग... काय सांगणार तू?"

"तुला काय वाटतं?"

"मला... म्हणजे बघ... आय मीन..." तो उठला. "गच्चीवर जरा रेंज बघून येतो."

"ए! आत्ताच तर बघून आलास!"

"धुकं वाढलंय यार!"

रविवारी तो होडीत आलाच नाही. काका कोपऱ्यात पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा होता.

यशोधनचा फोन आला. त्याचा आवाज शांत होता, नीट इस्त्री केल्यासारखा. हवापाणी झालं, दोन्हीकडच्या आया झाल्या.

"तर मग," तो म्हणाला, "तुमचं काय ठरलं?"

अश्लेषाने तोंड उघडलं... आणि सेट खरखरला.

"चंद्रप्रभा, चंद्रप्रभा, चंद्रप्रभा, मी शार्दूल. गच्चीवर आहे. अश्लेषा, तू पुण्याला जाऊ नकोस. म्हणजे जा, तुझं शहर आहे. पण मला... तू नसलीस तर मी कोणते जोड तपासू? सगळे ठीक आहेत. पहिल्या दिवसापासून ठीक आहेत. ओव्हर."

काकांचा पेपर हलला नाही. बाहेर कुठेतरी एक विमान धुक्यात घिरट्या घालत होतं.

"हे कोण?" पुण्याहून यशोधनने विचारलं.

"आमच्या... गच्चीवरचा आहे."

"त्यांनी ओव्हर म्हटलं," यशोधन थोडा विचार करून म्हणाला. "म्हणजे आता तुमची पाळी ना?"

"हो. पण उत्तर द्यायला बटण दाबावं लागतं. आणि बटण दाबलं की तुमचा फोन कटतो."

"तशी पद्धत आहे का?"

"समुद्राचा नियम आहे."

"तुम्ही दिल्लीत आहात ना?"

"हो." तिने अंगठा बटणावर ठेवला. "यशोधन, तुम्ही खरंच चांगले आहात. माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी आता बटण दाबते."

"दाबा," तो म्हणाला. "ते थंडीत उभे असतील."

तिने बटण दाबलं. यशोधन, पुणे, मार्चमधली बदली, सगळं एका टिचकीत गेलं. केबिन एकदम शांत झाली.

"ए..." ती माइकमध्ये म्हणाली.

"नाव," पेपरमागून काका म्हणाले. "तीनदा."

अश्लेषाचे कान तापले. थंडी कडाक्याची होती.

"शार्दूल," ती म्हणाली. "शार्दूल... शार्दूल. मी अश्लेषा, चंद्रप्रभावरून. मी जात नाहीये. दिवाळीला जाईन... तू येणार असलास तर. ओव्हर."

ती वाट बघत राहिली. सेट गप्प. धुकं काचेला टेकून उभं होतं.

"पोरी," काका हळूच म्हणाले, "बटण सोड. दाबून धरलंस तर त्याचं ऐकू कसं येणार?"

तिने अंगठा उचलला. सेट खरखरला.

"...आणि हे मी समोर कधीच बोलू शकलो नसतो. बस, एवढंच. ओव्हर."

अश्लेषा सेटकडे बघत राहिली. तो बराच वेळ बोलत असणार. सगळं काही बोलून झालं होतं, आणि तिला त्यातलं फक्त शेपूट मिळालं होतं.

काकांनी पेपर खाली ठेवला, माकडटोपी कानांवर नीट ओढून घेतली आणि शिडीकडे निघाले. "मी जरा तिसऱ्या मजल्यावर जाऊन येतो," ते म्हणाले. "चंद्रप्रभाशी बोलायचंय."

अश्लेषाने पुन्हा बटण दाबलं. या वेळी कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

"शार्दूल, शार्दूल, शार्दूल," ती सावकाश म्हणाली. "काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांग... पहिल्यापासून. ओव्हर."

आणि तिने बटण सोडलं.