अष्टमीची कुमारिका

गेल्या अष्टमीची गोष्ट. परदेशीपुऱ्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्याशा घरात मी एकटी राहते. वडील, शरच्चंद्र, त्याच्या आधीच्या पौषात गेले. अष्टमीला कुमारिका जेवू घालायची घरची रीत मात्र मी मोडली नव्हती. पुरण झालं, पाट मांडला, आणि शेजारच्या प्रियंकाचा फोन आला; तिचीच मुलगी जेवायला यायची होती.

"शैलाताई, पलकला तेज बुखार आहे हो. ती नाही येऊ सकत."

बरं, म्हटलं. वाईटही वाटलं नाही. मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही.

वळून बघते तर पाटावर एक मुलगी बसलेली. सातेक वर्षांची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. दार तर आतून बंद होतं. भर दुपार, पण रस्त्यावरचे आवाज थांबले होते. करपलेल्या कातडीचा वास येत होता. मी पाय धुवायला तांब्या घेतला, कारण त्या वेळी तेच करायचं असतं. तिच्या उजव्या टाचेवर तापल्या चिमट्याचा ताजा डाग होता.

तोच डाग माझ्या टाचेवर आहे, पन्नास वर्षं जुना. नैवेद्याआधी पुरण खाल्लं म्हणून बाबांनी दिलेला. देवी कोपेल, म्हणाले होते. ती कोपलीच आहे, असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

मी ताट वाढलं. तिनं हात पाठीमागे लपवले.

"नैवेद्य... झाला?"

"नाही."

"मग नको. मारतील..."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आणि तिची दया आली, जी मला माझी कधीच आली नव्हती. तिला कुंकू लावून मी वाकून नमस्कार केला.

"आज देवी तूच आहेस, बाळा. तू खाल्लंस की नैवेद्य झाला. तुझं काही चुकलं नव्हतं गं. भूक लागली होती तुला."

ती ताट चाटूनपुसून जेवली. मग आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली,

"बाबा तिथे बसलेत... मी त्यांना थांबवलंय."

मी उठून त्या दाराला बाहेरून कडी घातली. परत आले तर पाट रिकामा होता.

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला, खोकत खोकत.

"शैले... जेवलीस का?"

उभ्या जन्मात त्यांनी मला हे विचारलं नव्हतं.

कडी मी अजून काढलेली नाही. दुपारी बाराला ते रोज विचारतात. मी आधी जेवते, मग उत्तर देते.