दुसऱ्या कार्डाच्या चौकटी

बसा. दिवा इकडे ओढून घ्या, लाईट काय एवढ्यात येत नाही. सांगतो सगळं, फक्त मध्ये हसू नका.

मारुती मंदिराजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या धंद्यात वीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो, गिऱ्हाईक खरं बोलत नाही. मशीनवर चहा ओतलेला असतो आणि सांगतात काय, तर आपोआप बंद पडलं! त्यामुळे मी सगळ्यांवर संशय घेतो. बायको म्हणते, नितेश, तू देवाकडेसुद्धा पावती मागशील.

त्या दिवशी दुपारी राजिवड्याहून महरीनचा फोन आला. हमीदभाईंची मुलगी. वडील कुवेतला, ही इथे इंटिरियर डिझाईन शिकते. महिन्यापूर्वी मी घरी जाऊन तिच्या मशीनमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. दोन कार्डांनी मिळून काम केलं की चित्र लवकर तयार होतं.

"नितेशकाका, चित्रं कायतरी भलतीच येतायत हो. उद्या सबमिशन आहे माझं."

माझी वेदिका दहावीची परीक्षा देऊन मोकळी होती, दुकानात मोबाईल बघत बसलेली. तिला म्हटलं, "बस गो जरा, तासाभरात येतो."

आता तुमच्यापासून काय लपवू? ते दुसरं कार्ड माझं नव्हतं. भाट्याचा दादू शिवलकर लग्नाचे व्हिडिओ करायचा. त्याने मशीन माझ्याकडे दुरुस्तीला टाकलं, पावती खिशात घातली आणि आठ दिवसांनी हायवेला ट्रकखाली गेला. पेपरात वाचलं मी. घरच्यांना मशीन कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि मी सांगायला गेलो नाही. वर्षभर ते फळीवर पडून राहिलं. मग एके दिवशी त्यातलं कार्ड काढलं आणि महरीनला दिलं. चोरीच ती, दुसरं काय! अजून लाज वाटते.

राजिवड्यात सकिनाभाभींनी, म्हणजे महरीनच्या आईने, कोकम सरबत दिलं आणि त्या आत जाऊन पडल्या. दुपारचं सगळं घर गप्प होतं. महरीनच्या खोलीत पडदे ओढलेले, तापलेल्या धुळीचा वास, आणि मशीनचा पंखा घरघरत होता. मॉनिटरवर तिने बनवलेली बालवाडीची खोली तयार होत होती. अशी चित्रं लहान लहान चौकटींनी भरत जातात, काही चौकटी एक कार्ड रंगवतं, काही दुसरं. गुलाबी भिंत, खेळणी, आणि मध्येच काळे चौकोन.

"काळे नाहीत ते काका," महरीन हळूच म्हणाली. "जवळून बघा..."

वाकून बघितलं. अंधाऱ्या खोलीचे तुकडे होते ते. एकात लाकडी फळीची कड, एकात लोंबणारी वायर.

"तुझंच कुठलंतरी जुनं चित्र मिसळलंय."

"असलं चित्र मी बनवलेलंच नाही."

माझा विश्वास बसेना. हिच्या भावंडांपैकी कोणी खोडी काढली असेल, नाहीतर बाहेरून कोणीतरी मशीनमध्ये शिरलं असेल. इंटरनेटची वायर उपटली. कार्डं चालवणारे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर म्हणतात ते, नवे टाकले. कार्डांच्या जागा बदलल्या. दुसरं कार्ड काढलं की चित्र स्वच्छ, परत घातलं की तेच तुकडे.

"हे कार्ड कुठून आणलंत काका?" पोरीने सरळ विचारलं.

चोराच्या मनात चांदणं! मी तिच्यावरच खेकसलो, "दुकानातलं आहे. कुठून म्हणजे काय?"

एकच तपासणी उरली होती. पहिलं कार्ड काढून ठेवलं आणि सगळं चित्र एकट्या दुसऱ्याला काढायला लावलं. एक चौकट भरली... दुसरी... ट्यूबलाईट. फळी. फळीवर मशीनं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. माझं दुकान होतं ते.

"कोणी शिकवलं तुला हे? माझ्या दुकानाचे फोटो कधी काढलेस?"

"अल्लाची कसम काका, मी तुमच्या दुकानात पाऊलसुद्धा टाकलं नाही कधी..." ती रडायला लागली. खोटं रडणं मला कळतं. ते खोटं नव्हतं.

पुढची चौकट भरली. काउंटरमागे वेदिका. सकाळीच घातलेली पिवळी ओढणी, मान मोबाईलमध्ये. समोरच्या स्टुलावर कोणीतरी बसलेलं. चिखलाने माखलेली पँट, मांडीवर ठेवलेले हात, खांदे... चेहऱ्याची चौकट तेवढी भरायची होती. पंख्याचा आवाज चढत गेला. मी प्लग ओढून काढला आणि वेदिकाला फोन लावला.

"वेदू, कोण आहे गो दुकानात?"

"एक गिऱ्हाईक आहे बाबा. शिवलकर म्हणून. जुनी पावती आहे त्यांच्याकडे."

"बाहेर हो. आत्ताच्या आत्ता!"

"असं काय करता? शांत बसलेत ते..." फोन तुटला.

कार्ड उपटून खिशात घातलं. "पोरी, चोरीचं होतं हे. माफ कर मला," एवढंच महरीनला म्हटलं आणि स्कूटर हाणली. रस्ताभर देवाला एकच सांगत होतो, माझं पाप माझ्या मुलीच्या पदरात घालू नकोस.

वेदिका एकटीच काउंटरमागे बसलेली, अगदी ठणठणीत. तिला पोटाशी धरून मी तिथेच रडलो. ती बावरली बिचारी.

"काय झालं बाबा? गेले ते. मशीन उघडून बघितलं, म्हणाले एक वस्तू कमी आहे. मी म्हटलं थांबा, बाबा येतायत. तर नको म्हणाले, घरी येऊन घेईन. आपला पत्ता विचारला, मी सांगितला."

"...कधी येतो म्हणाला?"

"मीपण तेच विचारलं," वेदिका म्हणाली. "तर म्हणाले, तू घरी एकटी असशील तेव्हा."