सहावरची रेघ

"बाई, जपून... खाली रंग आहे!"

विनया थबकली, पण रंगामुळे नव्हे, भिंतीमुळे. गिरीज गावच्या शाळेत ती नुकतीच गणिताला रुजू झालेली. तिनं लिहून दिलेली गणितं शिडीवरचा पेंटर भिंतीवर उतरवत होता.

"अहो, हे काय? एक छेद सहा म्हणजे शून्य पॉइंट एक सहा, आणि रेघ फक्त सहावर! सहा पुन्हा पुन्हा येतो, म्हणून. तुम्ही एकावरही ओढलीत?"

"सवय हो! आम्ही आधी रेघ मारतो, मग तिला अक्षरं टांगतो. एकटा एक उघडाबोडका दिसत होता..."

"त्याला थंडी वाजत नाही. पुसा."

"आणि ही ए-बी वरची?"

"ती दोघांवर हवी. रेषाखंड आहे तो."

"बघा! मग त्या एकानंच काय पाप केलं होतं?"

विनयाला हसू आवरेना. पेंटरचं नाव हरेश्वर.

मग मधली सुट्टी शिडीपाशीच जाऊ लागली. एक्सवर रेघ म्हणजे सरासरी, हे तिनं समजावलं, तर तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांचे पेढे एका ताटात घेऊन सारखे वाटायचे!" वर्गात तिनं तेच उदाहरण दिलं, आणि पोरांना एका दमात कळलं.

भिंत संपायचा दिवस उजाडला. हरेश्वर मनातलं काही बोलेना, आणि इकडे आत्यानं पुण्याचं स्थळ आणलेलं. विनया शिडीखाली उभी राहिली.

"आज संध्याकाळी बाबा पुण्याला होकार कळवणार आहेत. माझ्या लग्नाचा."

हरेश्वर तेव्हा शून्य पॉइंट तीनच्या तीनवर रेघ ओढत होता. त्याची रेघ कधी हलायची नाही. ती आज तीन ओलांडून थेट खिडकीपर्यंत गेली.

"चांगलं... चांगलं आहे स्थळ?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"फार. खाली या."

तो उतरला. मान खाली.

"कीर्तनात बुवा सांगतात, देवाला न बोलता कळतं. मी देव नाही, हरेश्वर."

"मी बारावी. केळीची वाडी आणि हे रंगाचे डबे... तुम्ही एमेस्सी."

"मी शिक्षण विचारलं का?"

वाऱ्यानं कुंपणापलीकडच्या केळीची पानं सळसळली. त्यानं वर पाहिलं, सरळ तिच्या डोळ्यांत. "आवडता तुम्ही मला. खूप. लग्न कराल माझ्याशी?"

"करीन," विनया म्हणाली, आणि तिथल्या तिथं फोन लावला. "बाबा, पुण्याला नाही म्हणून कळवा. थांबा, हे बोलतायत."

हरेश्वरनं निळा हात पँटला पुसला, फोन घेतला. "काका, मी हरेश्वर. गिरीजचा. विनयाला मागणी घालतोय."

पलीकडून बाबांचा आवाज आला, "मागणी फोनवर घालतात होय रे? आईवडिलांना घेऊन ये. जेवायलाच या."